बक रेनीची रेकॉर्ड

अँब्रोज गेन्सनं सुई उचलली आणि रेकॉर्डवर त्याच जागी पुन्हा टेकवली. सॅक्सोफोनची तान सुरू झाली. तिच्यामागोमाग हातातल्या सॅक्सोफोनवर त्याची ताठरलेली बोटं धावली आणि मध्येच अडखळली.

"बास कर रे बाबा," स्वयंपाकघरातून त्याची बायको ओडेसा म्हणाली. "भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल."

रेकॉर्डवर वादकाचं नाव बक रेनी असं छापलेलं होतं, आणि ते खोटं होतं. ती रेकॉर्ड निघाली त्या काळी एका कंपनीशी करार केलेला वादक दुसरीकडे असाच टोपणनावानं वाजवून यायचा. त्या रेकॉर्डवरचे साथीदार एव्हाना सगळे मातीआड झाले होते. आता ती रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला खरा रेनी हवा होता. जुन्या रेकॉर्डवर त्याचं खरं नाव छापायचं होतं, नवीही काढायची होती. कॅन्सस सिटीतले निम्मे म्हातारे 'मीच तो' म्हणत जाऊन आले. ती तान एकालाही वाजवता आली नाही, म्हणून सगळे हात हलवत परतले.

अँब्रोजनं आयुष्यभर शाळेचे व्हरांडे पुसले होते. मरण्याआधी एकदा रेकॉर्डवर आपलं नाव पाहावं, एवढ्यासाठी तो जिवाचं रान करत होता.

"लग्नाला इतकी वर्षं झाली, या रेनीचं नाव कधी तुझ्या तोंडून ऐकलं नाही," ओडेसा म्हणाली. "रविवारी कोणत्या तोंडानं चर्चमध्ये बसशील?"

"तान बसू दे. मग बोलू."

तान बसली. स्टुडिओत त्यानं ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली, श्वाससुद्धा रेकॉर्डवरच्याच जागी घेतले. कंपनीचा माणूस व्हिटलॉक मान डोलावत ऐकत होता. अँब्रोजला आशा वाटली.

"मेहनत जबरदस्त आहे, मिस्टर गेन्स," व्हिटलॉक म्हणाला. "पण जॅझवाला एकदा वाजवलेलं पुन्हा तसंच वाजवतो का कधी? खरा रेनी आज काहीतरी वेगळंच वाजवून गेला असता. असं घोकून येतो तो नक्कल करणारा."

"थांबा, वेगळं वाजवतो."

त्यानं सॅक्सोफोन तोंडाला लावला. घोकलेल्यापलीकडे बोटांना काही सुचेना. नुसतीच हवा गेली.

घरी ओडेसानं तळलेल्या माशाची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"बरं झालं. लबाडी अंगाशी येण्याआधीच संपली."

अँब्रोजनं माशाला हात लावला नाही.

"ती रेकॉर्ड केली त्या दुपारी जे सुचत गेलं ते वाजवलं, ओडेसा. घरी पोचेपर्यंत विसरूनही गेलो होतो," तो म्हणाला. "माझंच मला रेकॉर्डवरून शिकावं लागलं."