बजावणी पूर्ण

"घर आमचं, आणि अपिलाचा निकाल एकतर्फी? आम्हाला नोटीससुद्धा नाही?" मालिनीबाईंनी कोर्टाच्या कारकुनाला विचारलं.

"बजावलीय, काकू. सुनावणीच्या आदल्या सकाळी, काकांच्या कानातल्या चिपवर. हल्ली दारावर डकवत नाहीत."

"अहो, ते दिवाळीपासून बेशुद्ध आहेत, हॉस्पिटलात!"

"चिप शुद्ध बघत नाही. मेंदूला मजकूर कळला की बजावणी पूर्ण." त्याने पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. 'उद्या हजर न राहिल्यास घराचा ताबा जाईल' हे वाक्य आलं आणि नाडी वाढली, डोळ्यांतून पाणी आलं. समजलं की त्यांना! मग हजर का राहिले नाहीत?"

मालिनीबाईंनी पडद्यावरची तारीख वाचली. ती सकाळ त्यांना चांगली आठवत होती. नाडी वाढलेली, डोळ्यांत पाणी आलेलं पाहून डॉक्टरसुद्धा हसले होते. मालिनीबाईंनी वॉर्डभर पेढे वाटले होते, आणि मग नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या होत्या, "अहो, आता लवकर आपल्या घरी जायचं हं."

तेव्हापासून ते पाणी थांबतच नव्हतं.