तिसरा टर्बो

सोपानच्या जुन्या जीपला मुळात टर्बो नव्हता. भंडारदऱ्याचा चढ दमदार चढावा म्हणून त्यानं बाहेरून आणून अकोल्यात योहान मिस्त्रींकडून बसवून घेतला, तो जळाला. दुसराही त्यांनीच बसवला, तोही जळाला. आता तिसरा घेऊन तो पुन्हा मिस्त्रींच्या गॅरेजात उभा होता. हाही गेला तर जीप विकायची, असं घरी सांगूनच आला होता.

"डुप्लिकेट माल विकतात हरामखोर, तू कशाला तोंड पाडतोस?" मिस्त्री म्हणाले. "लिडे, जुना खोल."

त्यांच्या लेकीनं, लिडियानं, जुना टर्बो उतरवला आणि ऑइल जायच्या भोकात तार घातली. तारेबरोबर सिलिकॉन पेस्टचा लाल गोळा बाहेर आला. ऑइल गळू नये म्हणून जोडावर बोटभर पेस्ट थापायची, ही बापाची सवय. तीच आत उतरून बसली होती. गोळा मुठीत दाबून गप्प बसणं सोपं होतं. गिऱ्हाईक समोर, आणि बापाचं नाव चाळीस वर्षांचं.

"पप्पा, माल चांगलाच हुता. ऑइल पोचलंच न्हाई, म्हणून जळाला. ही तुमची पेस्ट हाय."

सोपाननं मान खाली घातली. असल्या वेळी भलेभले उस्ताद हातातला पाना फेकून मारतात. मिस्त्रींनी चष्मा पुसला, गोळा उजेडात धरून नीट पाहिला.

"सोपान, तुझे दोन्ही टर्बो मीच मारले," ते म्हणाले आणि खुंटीवरची बत्ती काढून जीपखाली शिरले. "ये लिडे, तू बसव. मी बत्ती धरतो."