डोळे मिटलेला हंस

“आई, आज सुटका नाही. रुमालातला तो हंस मला शिकवायचाच,” म्हणत चैत्रालीनं दोऱ्याचा गुंडा उमाताईंच्या मांडीवर टाकला आणि क्रोशाची सुई हातात कोंबली. पालेगावच्या नव्या फ्लॅटच्या पडद्यावर सूनबाईंना तोच हंस हवा होता.

अंबरनाथच्या या घरात शोकेसमधला जाळीचा रुमाल म्हणजे उमाताईंची पत होती. त्यांच्या लग्नात रुखवतावर तो ‘वधूच्या हातचा’ म्हणून मांडला होता. खरं तर त्यांच्या आईनं उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या दुकानातून विकत आणलेला. उमाताईंना तेव्हा साधं बटण लावता येत नव्हतं.

तसा हंस रुखवतातच अडचणीत आला होता. “अगंबाई, याला डोळाच नाही!” मुलाकडची एक आत्या मोठ्यांदा म्हणाली होती. सासूबाई पटकन पुढे झाल्या. “डोळे मिटलेत त्यानं. ध्यान लावलंय.” तेव्हापासून उमाताई आल्यागेल्याला तेच वाक्य ऐकवत आल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता ती मूठ सून उघडायला बसली होती. उमाताईंनी आठवडाभर बाथरूमची कडी लावून, मोबाइलवर व्हिडिओ बघत तयारी केली होती. “सोप्पं आहे गं,” त्या म्हणाल्या. “दोन खांबांमध्ये, म्हणजे उभ्या टाक्यांमध्ये, साखळ्या घातल्या की रिकामं घर. साखळ्यांच्या जागी खांबच घातले की भरलेलं घर. भरल्या घरांचा हंस, रिकाम्यांची जाळी.” चैत्राली कौतुकानं ऐकत होती. उमाताईंना भलताच चेव आला. नक्षीचा कागद समोर ठेवून त्यांनी भराभर ओळी चढवल्या. बघतात तर मान एकीकडे, धड दुसरीकडे.

“आई, हा हंस आहे की प्रेशर कुकर?”

उमाताईंनी विणकाम पदराखाली ओढलं. कॉटवर जप करत बसलेल्या सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली. “चैत्राली, चहा टाक जा.” सून आत गेली तशी त्यांनी विणकाम ओढून घेतलं आणि सराईतपणे उसवायला लागल्या. “ओळ संपली की काम पलटतं. मग कागदही उलट्या बाजूनं वाचायचा असतो.”

उमाताई बघतच राहिल्या. “तुम्हाला येतं हे? कधी बोलला नाहीत!”

“बोलले असते तर दोघींची चोरी उघडी पडली असती. तुझ्या सासऱ्यांच्या नकळत विणायचे मी, कॅम्प एकच्या दुकानासाठी.” सासूबाईंनी शोकेसकडे पाहिलं. “शेठ मागे लागायचा, ‘जल्दी दो बाई, शादी का सीजन है.’ त्या घाईत हंसाच्या डोळ्यासाठी रिकामं सोडायचं घर माझ्याकडूनच भरलं गेलं गं.”