टोपलीभर माती

चार वर्षांनी लेकीकडे आलेल्या मायनं टेकडीवरच्या नव्या वावरातलं लाखोळी या कडधान्याचं एक पिवळं रोप उपटलं आणि मुळं बोटांनी चाचपली. एकही गाठ नव्हती.

"गाठीच नाई, तं रोप जगन कशावर?"

"कृषीवाल्यानं देल्लं जिवाणूचं पाकीट दोनी साल बियाले चोळलं, माय," प्रेमिला म्हणाली. "इथी तेही जगत नाई."

"पाकिटानं का होते? तुमच्या जुन्या वावरात कशा गच्च गाठी धरत! तिथली टोपलीभर माती आन अन् इथी फेक. माह्या सासूनं असंच केलं होतं."

प्रेमिला पायाखालच्या दगडांकडे पाहत राहिली.

"ही टेकडी खाणीतून उपसलेल्या दगडायची हाय, माय. आमचं जुनं वावर याच्याच खाली दबलं."