कोरा किनारा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बायकोने पण केला होता: एका दिवसात तीन किनारे, तेही काठीशिवाय. मुलगा म्हणाला, "आई, गाडीतूनच बघ समुद्र." तिने त्याच दिवशी गाइडसकट खासगी गाडी ठरवली आणि सामानासारखं मलाही सोबत घेतलं.

गाइडने शब्द दिला, "काकू, प्रत्येक किनाऱ्यावर पहिलं पाऊल तुमचंच." काठी त्याने डिकीत कुलपात ठेवली.

पहिल्या किनाऱ्यावर पावलं आधीच उमटलेली होती. डावा पाय ओढलेला, बायको ओढते तसाच, आणि शेजारी काठीची गोल भोकं. गाइडचा चेहरा पडला. मी समुद्राकडे बघू लागलो. लग्नानंतर ती सवयच लागते.

"कोण आहे ही भवानी?" बायको म्हणाली. "हिला मागे टाकते की नाही बघा."

दुसऱ्या किनाऱ्यावरही तीच पावलं पुढे.

"काकू, परत जायचं का?"

"बोलू नका, दम लागतो."

तिसऱ्या किनाऱ्यावर टोकाच्या खडकाआधी दहा पावलांवर ती पावलं थांबली. बायको थांबली नाही. खडकाला हात लावून तिने दोन्ही हात उंचावले. "हरवलं तिला! कळवा तुमच्या लाडक्या लेकाला!"

चाळीस वर्षांत पहिल्यांदाच मी मनापासून टाळ्या वाजवल्या. गाइडने फोटोसाठी मोबाइल उचलला आणि हळूच खाली घेतला.

बायकोच्या शेजारी वाळूत एक गोल भोक पडलं होतं. त्यात पाणी भरत होतं.

आम्ही बघत असतानाच त्याच्या बाजूला डावं पाऊल उमटलं, जरासं ओढलेलं.