दोन सेंटीमीटर

बाईंच्या दारात मी घडवलेली चौकट बसेना. दोन सेंटीमीटर उंच झाली होती. इंचाचे आठ सूत, तसे सेंटीमीटरचेही आठच मिलिमीटर धरून, दोन मीटरच्या वरच्या ऐंशी मिलिमीटरचे दहा सेंटीमीटर करून मी लाकूड कापलं होतं. असतात दहा, हे तिथं कळलं. पण थापाड्या सुतार मी, ठोकून दिलं, “बाई, भिंत खचलीय.”

बाईंनी केरबा गवंड्याला बोलावलं. तो बिचारा म्हणाला, “माझंच चुकलं असेल, तात्या. वय झालं.” आणि स्वतःच रचलेली भिंत फोडायला लागला.

मला मान वर करवेना. “केरबा, थांब. भिंत सरळ आहे. दहाचे आठ मीच धरले.”

केरबा हसला. “मला वाचवायला आणखी एक थाप नको, तात्या,” म्हणाला आणि त्यानं पुन्हा छिन्नी लावली.