जर्मन बनावटीचा मालडबा

गोपाळकृष्ण बेहेरे यांनी वीतभर लांबीचा मालडबा उलटा केला, डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "वा!"

टेबलामागे उभ्या असलेल्या यज्ञेश्वररावांनी ओठ घट्ट मिटले. आज त्यांना एवढंच जमवायचं होतं. कसबा पेठेतल्या शाळेच्या हॉलात भरलेल्या, खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांच्या या प्रदर्शनात शील्ड एकच होती आणि ती 'मूळ स्थितीत राखलेल्या डब्या'ला मिळायची होती. आपला डबा मूळ स्थितीत आहे, असं यज्ञेश्वरराव कुठेही म्हणाले नव्हते. नाही, असंही म्हणाले नव्हते. कुणी विचारलं तर सांगू, असं त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला कळवून ठेवलं होतं.

शील्डीपेक्षा खोलीचा प्रश्न मोठा होता. मुलगा तेजस कॉम्प्युटरच्या नोकरीवर अमेरिकेला गेल्यापासून त्याच्या खोलीत यज्ञेश्वररावांचे रूळ, पत्र्याचे तुकडे आणि कानशी पसरल्या होत्या. शालनताईंना तिथे पेइंग गेस्ट ठेवायची होती. हिंजवडीला जाणारी एक सॉफ्टवेअरवाली मुलगी खोली बघूनही गेली होती. शेवटी नवराबायकोत तह झाला. शील्ड आली तर खोली मालगाडीची, नाहीतर मुलीची.

"तिला आत्ताच हो म्हणून कळवू का?" शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या शालनताईंनी विचारलं. "तुमच्यानं गप्प राहणं काही व्हायचं नाही."

"गप्पच आहे ना मी," यज्ञेश्वरराव पुटपुटले.

"चाकांचा रंग बघा," परीक्षक बेहेरे जमलेल्या लोकांना सांगत होते. "हा पिवळटपणा नुसत्या वयानं येतो."

वयानं नव्हे, चहानं आला होता. चाकं म्हणून लावलेली कोटाची बटणं यज्ञेश्वररावांनी स्वतः चहाच्या पाण्यात उकळली होती. ते गप्प राहिले.

"आणि पुढच्या डब्याला जोडायचा हा आकडा. काय पोलाद आहे!"

आकडा शालनताईंच्या अंबाड्यातला होता. यज्ञेश्वरराव गप्प राहिले. फक्त त्यांचा उजवा पाय हलायला लागला.

"आणि हे ब्रेकचं चाक!" बेहेऱ्यांचा आवाज भरून आला. "मुगाएवढं! कडेचे दाते बघा. हे जर्मनानंच करावं. आपल्या माणसाच्या हाताला ही सफाईच नाही."

"अहो, मी केलंय ते!"

शालनताईंनी समाधानानं पर्समधून मोबाइल काढला.

"चाकं, आकडा, खालची चौकट, सगळं मी केलंय! जर्मन आहे ती फक्त वरची पत्र्याची पेटी. आणि हे ब्रेकचं चाक म्हणजे हिच्या कुडीची फिरकी आहे. ती बसावी म्हणून पितळेच्या काडीवर तिच्या मापाचे आटे मी पाडले!"

शालनताईंचा मोबाइल हातातच राहिला. "ती फिरकी तुम्ही घेतलीत? आणि मी गादी उसवून शोधत होते!"

त्यांनी डबा ओढून घेतला, ब्रेकचं चाक पिळून काढलं, कुडीमागे लावलेला रबराचा तुकडा उपसला आणि त्या जागी चाक फिरवलं. चपखल बसलं.

"बघा!" यज्ञेश्वरराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

बेहेऱ्यांनी भिंग शालनताईंच्या कानाशी नेलं. बराच वेळ पाहिलं.

"योगायोग," ते म्हणाले.

"अहो, माझ्या लग्नातली आहे ही."

"वहिनी, कुडी तुमच्या लग्नातली असेल. फिरकी जर्मनच आहे. द्या इकडे." मग ते यज्ञेश्वररावांकडे वळले. "आणि तुम्ही! आजवर लोक मला नकली माल अस्सल म्हणून दाखवत आले. अस्सल माल नकली म्हणून खपवायला बघणारे तुम्ही पहिलेच. पण मी तसाही फसत नसतो."

फिरकी पुन्हा डब्यावर गेली. डब्यापुढे 'मूळ स्थितीत, प्रथम क्रमांक' असं कार्ड लागलं. शील्ड यज्ञेश्वररावांच्या हातात आली, टाळ्या झाल्या. शालनताईंनी रबर कानामागे परत बसवलं.

"घ्या तुमची खोली," त्या म्हणाल्या आणि चहा कुठे मिळतो ते बघायला निघून गेल्या.

खोली मिळाल्याचं यज्ञेश्वररावांना काहीच वाटेना. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेला एक तरुण वाकून कार्ड वाचत होता. याला तरी दाखवावं, आटे कसे पाडले ते नीट समजावून सांगावं, म्हणून यज्ञेश्वररावांनी शील्ड काखेत मारली आणि डबा उचलायला हात पुढे केला.

तरुणानं त्यांचं मनगट हलकेच धरलं.

"काका, प्लीज, हात नका लावू," तो म्हणाला. "ओरिजिनल आहे."